बागेत कोण नाही, ते मोजूया

(वैजापूर इथं महिला कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

आज मला 'सार्वजनिक बागा आणि करमणुकीच्या जागा: नियोजन व मूल्यमापन' या विषयावर बोलायला सांगितलंय. विषय ऐकून आमच्या गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "ताई, रेशनचं बोला, दारूचं बोला, नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं बोला. बागेचं काय बोलायचं? बागेत जायला येळ कुणाला हाय?"

मला वाटतं, विषयाला सुरुवात मावशींनीच करून दिली. 'बागेत जायला वेळ नाही' असं जिला म्हणावं लागतं, तिच्याविषयीच आज बोलायचं आहे.

आधी वेळेचाच हिशेब करू. २०१९ साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं देशभर पाहणी केली. माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात, याची ती पाहणी होती. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटं. म्हणजे बाईचे पाच तास आणि पुरुषाचा दीड तास. आणि हे काम अजिबात न करणारे पुरुष या ९७ मिनिटांत धरलेलेच नाहीत! हे पाच तास आपण 'काम' म्हणूनही मोजत नाही, मग त्यानंतरची विश्रांती कोण मोजणार?

विश्रांती बाईला माहीतच नव्हती असं नाही. पंचमीला लिंबाच्या फांदीला झोका बांधायचा, सासरहून आलेल्या पोरींनी उभ्यानं झोके घ्यायचे, मोठ्यानं गाणी म्हणायची. हादगा होता, फुगड्या होत्या, मंगळागौर होती. पण यातल्या बहुतेक करमणुकीला काहीतरी निमित्त लागतं. सण लागतो, व्रत लागतं आणि पुष्कळदा जिवंत नवरा लागतो. मंगळागौरीला विधवेला कोण बोलावतं? हळदीकुंकवाला टाकलेली बाई गेली तर कुजबुज होते. जात आणि धर्म तर बघितलेच जातात. आणि ज्या झाडांना झोके बांधायचे, त्यातली कितीतरी रस्ता रुंदीकरणात गेली.

सार्वजनिक बागेचं महत्त्व मला इथं वाटतं. बागेत शिरायला नवरा लागत नाही, व्रत लागत नाही, आमंत्रण लागत नाही. निदान कागदावर तरी लागत नाही. कागदावर, असं मी मुद्दाम म्हणते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, हा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ सालीच मंजूर झाला होता. तरीही २० मार्च १९२७ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं. जागा खुली असल्याचा ठराव होणं वेगळं आणि माणसानं तिथं जाऊन ओंजळभर पाणी पिणं वेगळं. हा धडा आपल्याच मातीतला आहे. बागेकडेही त्याच नजरेनं बघायला हवं.

आता एका बागेची गोष्ट सांगते. बाग वैजापूरची नाही, मराठवाड्यातल्या दुसऱ्या एका तालुक्याच्या गावातली आहे. गावाचं नाव सांगत नाही. तिथं दोष दाखवणं हा माझा हेतू नाही आणि तुमच्यापैकी अनेकींना ती आपल्याच गावची वाटेल.

ही बाग चांगली होती. कारंजं होतं, हिरवळ होती, रंगवलेले बाक होते, मुलांचे झोके-घसरगुंड्या होत्या. तिथल्या अहवालात लिहिलं होतं: इतके चौरस मीटर हिरवळ, इतके बाक, इतकी झाडं, इतका खर्च. म्हणजे मूल्यमापन झालंच होतं की! फक्त त्यात माणूस नव्हता. बाक किती ते होतं, बाकावर कोण बसतं ते नव्हतं.

आमच्या गटातल्या बायांनी ठरवलं, आपण मोजायचं. शाळेच्या वहीचा कागद घेतला. चार रकाने केले: बाया, पुरुष, मुली, मुलगे. तीन वेळा ठरवल्या: सकाळी उजाडल्यावर, दुपारी दोन ते चार आणि संध्याकाळी दिवेलागणीला. एक दिवस कामाचा, एक बाजाराचा, एक सुट्टीचा. ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्या काड्या मारत होत्या. चार उभ्या काड्या आणि पाचवी आडवी.

सकाळी पुरुषांच्या रकान्यात काड्या मावेनात. बायांच्या रकान्यात होत्या त्या बहुतेक शिक्षिका, नर्सबाई आणि डॉक्टरांनी 'चाला' म्हणून चिठ्ठी दिलेल्या. एकजण हसत म्हणाली, "साखर निघाली म्हणून तर सासूबाई सोडतात." म्हणजे बाईला बागेत जायला सण लागत नसला, तरी आजार लागतो.

दुपारी फाटकाला कुलूप. संध्याकाळी हिरवळीवर पोरांचं क्रिकेट, दिव्याखालच्या बाकांवर पुरुष आणि अंधारातले बाक रिकामे. बाया होत्या त्या झोक्यांपाशी, लेकरांना झोके देत उभ्या. म्हणजे बागेतही त्या कामावरच होत्या.

मुलींचा रकाना बघून मात्र आम्ही गप्प झालो. लहान मुली होत्या. नऊ-दहा वर्षांपुढच्या जवळजवळ नाहीतच. एक चौदा वर्षांची होती. तिला विचारलं, "तू काय खेळतेस इथं?" ती म्हणाली, "मी नाही खेळत. भावाला झोका द्यायला येते." भाऊ मोठा झाला की हिची बाग संपली.

आणखी एक चूक आमच्या शेवटच्या दिवशी लक्षात आली. झाडांना पाणी घालणाऱ्या, पालापाचोळा झाडणाऱ्या तीन बाया रोज तिथं होत्या. ठेक्यावर. भाकरी खायला त्या पंपाच्या खोलीमागं जमिनीवर बसायच्या. त्यांच्या नावची काडी कुणीच मारली नव्हती. बाया मोजायला निघालेल्या आम्हीच त्यांना मोजलं नाही. मग पाचवा रकाना केला: 'कामाला'.

दहा वर्षांनंतर मुली मैदानातून नाहीशा होतात, हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात १९९०च्या दशकात नगरपालिकेनं बागांची पाहणी केली, तेव्हा नेमकं हेच दिसलं. नऊ-दहा वर्षांपुढच्या मुली बागेत येईनाशा होतात, मुलगे येत राहतात. तिथं अधिकाऱ्यांनी मुलींना उपदेश केला नाही, बाग बदलली. १९९९पासून आइन्सिडलर पार्क आणि सेंट योहान पार्क या दोन बागांत नवी आखणी केली. पायवाटा वाढवल्या, दिवे वाढवले. एकच मोठं मैदान असलं की ते दांडग्या पोरांच्या ताब्यात जातं, म्हणून त्याचे लहान लहान भाग पाडले. व्हॉलीबॉल, बॅडमिंटनची सोय केली. मुली परतल्या. मुलींना खेळायचं नसतं असं नाही, त्यांना भांडून जागा मिळवावी लागू नये एवढंच त्यांचं म्हणणं असतं.

आपल्या महाराष्ट्रात मुंब्र्यात 'परचम' या गटानं २०१२च्या सुमाराला मुलींना फुटबॉल शिकवायला सुरुवात केली. मुली मिळाल्या, चेंडू मिळाला, मैदान मिळेना. तेव्हा त्यांनी बायांच्या सह्या गोळा करून मुलींसाठी मैदान मागितलं. त्या सह्या ज्यांनी केल्या, त्या आयांपैकी किती जणी स्वतः कधी मैदानात खेळल्या असतील? पण लेकीसाठी मैदान मागताना त्यांचा हात थांबला नाही.

आता आमच्या चुकीबद्दल. कार्यकर्त्या म्हणून तुम्हाला ती सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं.

मोजणीच्या आधी आम्ही त्याच बागेसाठी एक निवेदन दिलं होतं. पोरं शिट्ट्या मारतात, बायांना भीती वाटते. म्हणून मागण्या काय, तर उंच भिंत बांधा, रखवालदार नेमा, संध्याकाळी सातला आणि भरदुपारी फाटक बंद ठेवा, टवाळांना हाकला. आमच्या आजवरच्या एकाही मागणीला इतक्या लवकर होकार आला नव्हता. आम्ही पेढे वाटले. स्वच्छतागृहाची मागणी वर्षानुवर्षं पडून होती आणि कुलूप मात्र महिन्याभरात लागलं! तेव्हाच शंका यायला हवी होती.

भिंत झाली आणि पहिली कोण बाहेर गेली? फाटकाशी शेंगा-फुटाण्याची पाटी घेऊन बसणाऱ्या आजी. मग लिंबाखाली बसणाऱ्या खेड्यावरच्या बाया गेल्या. तालुक्याला दवाखान्यात, कोर्टात, बँकेत आलेली बाई दुपारी भाकरी सोडायला, लेकराला पाजायला त्या झाडाखाली बसायची. दुपारी कुलूप लागल्यावर ती एस.टी. स्टँडच्या पायऱ्यांवर गेली. आणि रखवालदारानं 'टवाळ' म्हणून कुणाला हाकललं? वस्तीतल्या पोरांना. ज्यांच्या कपड्यांवरून, नावावरून ओळख पटते, त्यांना. शिट्ट्या मारणारी मोटारसायकलवाली पोरं फाटकाबाहेर उभी राहिली आणि बायांना आता त्यांच्या समोरूनच आत जावं लागू लागलं. उंच भिंतीमुळं आत काय चाललंय ते रस्त्यावरून दिसेना. त्यामुळं संध्याकाळी येणाऱ्या चार-सहा जणीही येईनाशा झाल्या.

ती आजी आम्हाला म्हणाली, "बाई, मी बसायचे तवा पोरीबाळी आत जायच्या. म्हातारी हाय ना तिथं, असं म्हणायच्या." आम्ही जिला अतिक्रमण समजलो, ती त्या बागेची खरी राखणदार होती.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायांच्या वावराचा अभ्यास करून २०११ साली इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं मला या अनुभवानंतर खरं कळलं. सुरक्षिततेच्या नावाखाली आपण मागणी करतो, तेव्हा ती बहुधा 'चांगल्या घरच्या' बाईसाठी असते आणि तिची किंमत दुसरे गरीब, फेरीवाले, परप्रांतीय, मुसलमान मोजतात. शेवटी बाईच्या हाती काय येतं? तर आणखी एक कुंपण. त्या म्हणतात, बाईला सार्वजनिक जागेत निव्वळ रेंगाळण्याचा हक्क हवा, काही कारण न देता. आणि तो तिला मिळायचा असेल तर तो सर्वांनाच असला पाहिजे. मला हे सगळंच्या सगळं सहज पटलं असं नाही. रात्री एकटी परतताना भीती मलाही वाटते. पण कुलूप लावून भीती जात नाही, हे मी पाहिलंय.

मग आम्ही दुसरं निवेदन दिलं. या वेळी काड्यांचे कागद जोडून. मागण्या अशा: दुपारी फाटक उघडा. भिंतीऐवजी आरपार दिसेल असं लोखंडी कुंपण करा. मागच्या वस्तीकडून दुसरं फाटक काढा. अंधारातल्या बाकांवर दिवे लावा. पाटीवाल्या बायांना फाटकाशी रीतसर जागा द्या, २०१४च्या पथविक्रेता कायद्यानं त्यांना संरक्षण आहे. झाडलोट करणाऱ्यांना बसायला सावली द्या. स्वच्छतागृहाची किल्ली रखवालदाराच्या खिशात नको. आणि आठवड्यातले काही दिवस संध्याकाळी मैदान मुलींचं. यातलं दुपारचं फाटक उघडलं, दिवे लागले आणि वस्तीकडचं फाटक निघालं. भिंत तशीच आहे. स्वच्छतागृहासाठी अजून चकरा चालू आहेत. आजी परत आल्या नाहीत. हेही सांगितलं पाहिजे.

मूल्यमापनाची ही पद्धत आमची शोध नाही. टोरांटोतल्या 'मेट्रॅक' या संघटनेनं १९८९ साली बायांनी स्वतः फिरून जागा तपासायची रीत बसवली. दिल्लीत 'जागोरी'नं ती वापरली. दिवा कुठं आहे, आडोसा कुठं आहे, हाक मारली तर कुणाला ऐकू जाईल, हे त्या बाया चालत चालत टिपतात. त्याला पदवी लागत नाही. मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली, पण पाचव्या रकान्याची गोष्ट मला निरक्षर बाईनं शिकवली.

आता नियोजनाकडे येते. बाग झाल्यावर भांडणं हे उशिराचं भांडण आहे. खरा निर्णय नकाशावर होतो. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानं शहराचा विकास आराखडा करावा लागतो आणि वीस वर्षांतून एकदा तरी तो नव्यानं तपासावा लागतो. वीस वर्षं! एक आराखडा चुकला तर एका पोरीचं अख्खं बालपण गेलं. कलम २६ प्रमाणे आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, तेव्हा कोणीही लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतं. नोटिशीतली मुदत मात्र पाळावी लागते. मग नियोजन समितीपुढं सुनावणी होते. हरकत घ्यायला जमिनीची मालकी लागत नाही. सातबारावर नाव नसलेली बाईसुद्धा तिथं उभी राहू शकते. पण या सुनावण्यांना जातं कोण? ज्याचा प्लॉट आरक्षणात अडकलाय तो. बागेच्या बाजूनं बोलायला कुणी नसतं.

दुसरी गोष्ट, याच कायद्याचं कलम १२७. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत बागेसाठी राखलेली जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर सध्याच्या तरतुदीप्रमाणे चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण संपतं. नुसता ठराव करणं म्हणजे पाऊल उचलणं नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली गिरनार ट्रेडर्स खटल्यात सांगितलं. म्हणजे मालकाची नोटीस आली की घड्याळ सुरू होतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. बागेची जागा मोर्चाशिवाय, बातमीशिवाय जाते. मालकाला मोबदला मिळायलाच हवा, तो त्याचा हक्क आहे. आपलं म्हणणं एवढंच की गावाची जागा गावाला न कळता जाऊ नये.

तिसरी गोष्ट नव्या वसाहतींची. मोठ्या भूखंडावर, म्हणजे साधारण एक एकराच्या वर, रेखांकन मंजूर होतं तेव्हा दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती कुठं आहे, तिच्यावर आज काय उभं आहे, हे नकाशा घेऊन जाऊन बघा. 'बागेच्या जागी दवाखाना होतोय, चांगलंच आहे' असं म्हणणारे भेटतील. बंगळुरात बागेची जागा खासगी दवाखान्याला दिली होती. तिथल्या रहिवाशांनी दाद मागितली आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं ती जागा बागेचीच ठरवली.

आपल्या वैजापूरचाच हिशेब करून बघा. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ४१ हजार होती. केंद्राच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सांगितली आहे. कमीतली कमी धरली तरी ४१ हेक्टर होतात, म्हणजे शंभर एकर! आणि यात खेड्यांवरून तहसिलात, कोर्टात, बाजारात येणाऱ्या बाया धरलेल्याच नाहीत. तुम्ही पायी फिरा आणि बेरीज करा. उत्तर मी सांगणार नाही, ते तुमच्या कागदावर येऊ द्या.

उद्या तुम्हाला सांगतील की हे आमच्या हातात नाही. तेव्हा सांगा, १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत उद्यानं आणि खेळाची मैदानं शहराच्या कारभारात घातली आहेत. आणि २०११पासून आपल्या राज्यात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा बायांना आहेत. निवडून येणाऱ्या आपल्या बहिणी सभेत एकट्या पडतात, घरचे पुरुष त्यांच्या वतीनं बोलतात, हे खरं. पण बाहेर आपण कागद घेऊन उभ्या असलो तर आत बोलायला त्यांनाही बळ येतं.

म्हणून आज उठण्यापूर्वी तीन कामं वाटून घेऊ. एका गटानं शहराच्या विकास आराखड्याचा नकाशा आणि आरक्षणांची यादी मिळवायची. न मिळाल्यास २००५च्या माहिती अधिकारात अर्ज करायचा आणि कलम १२७च्या नोटिशी आल्यात का, हेही विचारायचं. दुसऱ्या गटानं तीन दिवस, तीन वेळा, पाच रकान्यांनी मोजायचं. तिसऱ्या गटानं बागेत न येणाऱ्या बायांच्या घरी जायचं. दलित वस्तीत जा, मुसलमान मोहल्ल्यात आपांना भेटा, ऊसतोडीहून परतलेल्यांना भेटा, अपंग मैत्रिणींना भेटा. 'का येत नाही' असं विचारू नका, त्यात दोष त्यांच्याकडं जातो. 'काय असलं तर याल' असं विचारा.

परवाच्या त्या मावशींना मी हाच प्रश्न विचारला होता. त्यांनी बराच वेळ विचार केला. म्हणाल्या, "झोका असावा. मोठ्या बायांना पेलंल असा. आन् तिथं कुणी म्हणू नये की म्हातारपणी काय ही थेरं."

मैत्रिणींनो, मागण्यांच्या यादीत हा झोका लिहून घ्या. साखळी जाड हवी, असंही लिहा.